किल्ट घालून फोटोशूट: कॅमेऱ्यापुढच्यांसाठी आणि कॅमेऱ्यामागच्यांसाठी

पदवीदानाला गाऊनखाली किल्ट (स्कॉटलंडचा पारंपरिक, निऱ्यांचा, गुडघ्यापर्यंतचा घेरदार पोशाख) घालायची हौस असलेले विद्यार्थी, लग्नाआधीच्या फोटोंसाठी पुण्या-मुंबईहून आलेली जोडपी, स्कॉटिश मित्राच्या लग्नात नवरदेवाच्या बाजूला उभी राहणारी मंडळी. एडिनबऱ्यात माझ्याकडे येणारे मराठी लोक साधारण असे. मी त्यांचे फोटो काढतो आणि लग्नाच्या कामाला बऱ्याचदा स्वतःही किल्ट घालून जातो, त्यामुळे या पोशाखाचा त्रास दोन्ही बाजूंनी माहीत आहे. किल्टमधले बहुतेक फोटो बिघडतात ते कमरेपाशी, आणि तेही कॅमेरा पिशवीबाहेर येण्याआधी. म्हणून खाली नेसण्यावर भरपूर लिहिलंय, लेन्सवर थोडं.

१. विकत, भाड्याने की उसना?

पहिल्या शूटसाठी भाड्याने घ्या. जॅकेट, वेस्टकोट, किल्ट, स्पोरन (पुढे कमरेखाली लोंबणारी छोटी पिशवी), मोजे, बूट असा पूर्ण संच काही दिवसांसाठी साधारण ७० ते १३० पौंडांत मिळतो. शिंप्याकडून हाताने शिवून घेतलेला आठ वारी लोकरी किल्ट नुसताच चार-पाचशे पौंडांच्या पुढे जातो आणि शिवून मिळायला काही आठवडे लागतात. एडिनबऱ्याच्या लीथ भागातलं किनलॉक अँडरसन हे दुकान १८६८ पासून हेच काम करतं. अशा ठिकाणी एकदा जाऊन नुसतं कापड हाताळून या. चांगला किल्ट हाताला कसा लागतो ते कळलं की भाड्याच्या दुकानात फसवणूक होत नाही.

एडिनबऱ्यातल्या रॉयल माइल या रस्त्यावर तीस-चाळीस पौंडांत टांगलेले किल्ट दिसतात. ते पर्यटकांसाठी असतात. कृत्रिम धाग्याचं हलकं कापड, उथळ निऱ्या, बक्कलच्या जागी चिकटपट्टी. गंमत म्हणून घ्यायला हरकत नाही, पण फोटोत ते कापड चकाकतं, घेर पडत नाही आणि वाऱ्याची झुळूक आली की सगळंच वर. आपली नऊवारी नऊ वारांची, तर खरा किल्ट आठ वारांचा, आणि त्यातलं निम्म्याहून जास्त कापड मागच्या निऱ्यांत दडलेलं असतं. फोटोत जो भारदस्तपणा दिसतो तो त्या दडलेल्या कापडाचा. पाच वारी किल्टही मिळतो, रोजच्या वापराला तो चांगला आणि हलका. मात्र चालतानाचे किंवा मागून काढायचे फोटो हवे असतील तर आठ वारीच मागा.

कापडाचं वजन औंसात सांगतात. १३ औंस म्हणजे मध्यम, १६ औंस म्हणजे जड. मोकळ्या डोंगरावर शूट असेल तर १६, शहरात किंवा सभागृहात १३ पुरेसं. जड कापडाचा आठ वारी किल्ट पावणेदोन किलोच्या आसपास भरतो, याची तयारी ठेवा.

दुकानात जीन्सचा आकार सांगू नका. नव्या माणसाची सगळ्यात मोठी चूक हीच. किल्ट जीन्ससारखा कुल्ल्यांवर टेकत नाही, तो बेंबीच्या पातळीला बांधतात. तिथला घेर जीन्सच्या आकड्यापेक्षा दोन-चार इंच जास्त निघतो. तीन मापं द्या: बेंबीवरचा घेर, कुल्ल्यांचा सर्वात रुंद घेर, आणि बेंबीपासून गुडघ्याच्या वाटीच्या मध्यापर्यंतची लांबी. लांबी तपासायला ताठ गुडघ्यांवर बसा, काठ जमिनीपासून इंचभर वर राहिला पाहिजे.

एडिनबरा विद्यापीठाचे पदवीदान समारंभ जुलै आणि नोव्हेंबरमध्ये असतात, आणि जुलैत लग्नांचीही गर्दी. तेव्हा तुमच्या मापाचं शिल्लक राहत नाही. दोन महिने आधी नाव नोंदवा.

२. टार्टन कुठलं?

टार्टन म्हणजे किल्टच्या कापडावरचा चौकड्यांचा नमुना, आणि बरेच नमुने एकेका स्कॉटिश कुळाच्या नावाने ओळखले जातात. “मी तर जोशी, मला कुठल्या कुळाचं टार्टन चालेल?” हा प्रश्न हमखास येतो. कुठलंही चालेल. कोणी कुठलं टार्टन घालावं यावर कायद्याची बंदी नाही. काही मोजक्या नमुन्यांवर मात्र निर्बंध पाळले जातात, उदाहरणार्थ बाल्मोरल टार्टन राजघराण्यापुरतं राखलेलं आहे, आणि ते तुम्हाला दुकानात मिळणारही नाही. नमुन्यांची सरकारी नोंदवही २००९ पासून चालू आहे, ती ऑनलाइन कोणीही चाळू शकतो. एखाद्या कुळाचं टार्टन घालून त्या कुळातल्या माणसाच्या लग्नाला जाणार असाल तर आधी त्याला सांगावं, एवढा शिष्टाचार पुरे. मनात शंका राहत असेल तर ब्लॅक वॉच, हंटिंग स्ट्युअर्ट, कॅलेडोनिया हे सगळेच वापरतात. ग्लासगो आणि एडिनबरा विद्यापीठांची स्वतःची टार्टन आहेत, पदवीच्या फोटोंना ती शोभतात.

फोटोच्या दृष्टीने जास्त महत्त्वाचं काय, तर रंगांची छटा. एकाच नमुन्याचं कापड ‘मॉडर्न’, ‘एन्शंट’, ‘वेदर्ड’, ‘म्यूटेड’ अशा वेगवेगळ्या रंगछटांत विणतात. मॉडर्नमध्ये हिरवा आणि निळा फार गडद असतो. ढगाळ दिवशी, म्हणजे स्कॉटलंडमध्ये बहुतेक दिवशी, मॉडर्न ब्लॅक वॉच फोटोत सरळ काळं दिसतं आणि इतके पैसे मोजून घेतलेला चौकडा गायब होतो. एन्शंट छटा फिकट असते, तिच्यात चौकडा मंद उजेडातही सुटा दिसतो. सावळ्या रंगाला म्यूटेड आणि वेदर्डमधले तपकिरी-विटकरी रंग फार छान जातात, हे माझं वैयक्तिक मत.

लाल टार्टन घेतलंत तर साधा मोबाइल किंवा कॅमेरा तो लाल भडकावतो आणि त्यातले बारीक धागे पुसतो. त्याचं पुढे.

३. सामानाची यादी

पोशाख: किल्ट, त्याची पिन, स्पोरन आणि त्याची साखळी, लोकरी मोजे, फ्लॅश (मोज्याच्या घडीखाली डोकावणाऱ्या रंगीत पट्ट्या), गिली ब्रोग बूट, शर्ट, वेस्टकोट, जॅकेट, टाय किंवा बो. प्रिन्स चार्ली जॅकेट संध्याकाळच्या समारंभाचं आणि त्यावर बो. आर्गाइल किंवा ट्वीड जॅकेट दिवसाचं, त्यावर साधा टाय. सकाळी दहा वाजता डोंगरावर प्रिन्स चार्ली घालून उभा राहिलेला माणूस रात्रीची पार्टी संपवून घरी निघाल्यासारखा दिसतो.

मोजे पांढरेशुभ्र घेऊ नका. फोटोत नजर थेट पोटऱ्यांवर जाते. साय रंगाचे, ओटच्या रंगाचे किंवा गडद राखाडी बरे.

पिशवीत: गडद रंगाची आखूड चड्डी, सेफ्टी पिना, लिंट काढायचा रोलर, छोटी वाफेची इस्त्री, टॉवेल, जाड ट्रॅक पँट (दोन फोटोंच्या मध्ये घालायला, लाजू नका), मिज (बारीक चावरे किडे) आणि गोचिडांसाठीचं औषध, गुडघ्यांना लावायला थोडं क्रीम. थंडीत कोरडे पडलेले गुडघे आपल्या वर्णावर पांढरट दिसतात. खोबरेल तेल चोपडू नका, ते काठाला आणि मोज्यांना लागतं आणि भाड्याच्या कपड्यावरचा डाग तुमच्या खात्यात जातो.

कागदपत्रं: भाड्याची पावती, ओळखपत्र, जागेची परवानगी लागत असेल तर तिची प्रत, आणि मॉडेलचा लेखी होकार.

४. नेसण्याचा क्रम

इथे घाई करू नका. पहिल्यांदा अर्धा तास धरा.

*आधी शर्ट, मग मोजे, मग बूट, आणि त्यानंतर किल्ट.* बूट शेवटी घालायला गेलात तर वाकताना किल्ट वर सरकतो आणि सगळं पुन्हा करावं लागतं. मोजा वर ओढून त्याची घडी गुडघ्याच्या वाटीखाली तीन-चार बोटांवर बसवा. फ्लॅश बाहेरच्या बाजूला, जरा पुढे. दोन्ही पायांची घडी एकाच उंचीवर आहे का ते आरशात बघा, फोटोत अर्ध्या इंचाचा फरकही खटकतो.

गिली ब्रोगला जीभ नसते, नाड्या लांब असतात. त्या पुढे पिळून घोट्यामागून फिरवायच्या आणि पुढे, किंचित बाहेरच्या बाजूला, गाठ मारायची. नाड्या घोट्याच्या जरा वर थांबल्या पाहिजेत. पोटरीपर्यंत गुंडाळलेल्या नाड्या बऱ्याच फोटोंत दिसतात, त्या बॅले नर्तिकेला शोभतील.

*निऱ्या मागे, सपाट भाग पुढे.* हे सांगावं लागतं, कारण निऱ्या पुढे घेण्याचं आपल्या हातांना वळण असतं. पुढचे दोन सपाट भाग, त्यांना एप्रन म्हणतात. आतला एप्रन उजवीकडून डावीकडे जातो, त्याचा पट्टा डाव्या बाजूच्या फटीतून बाहेर काढून बक्कलमध्ये अडकवतात. मग वरचा एप्रन डावीकडून उजवीकडे आणून उजव्या कमरेवर बांधायचा. झालर लावलेली कड तुमच्या उजव्या हाताला आली पाहिजे.

*उंची.* पट्टा बेंबीवर. काठ गुडघ्याच्या वाटीच्या मध्याशी, फार तर वरच्या कडेशी. पोट सुटलेला माणूस नकळत किल्ट पोटाखाली बांधतो, मग पुढचा काठ खाली लोंबतो आणि मागचा वर जातो. बाजूने काढलेल्या फोटोत काठाची तिरकी रेघ लगेच दिसते. बांधून झाल्यावर पाच मिनिटं चाला, एक जिना चढा-उतरा, पुन्हा उंची तपासा, आणि पट्टे एक भोक आवळा. लोकर अंगाच्या उबेने जरा सैल पडते.

*मध्यरेषा.* पुढच्या एप्रनवर चौकड्याची एक उभी रेघ बरोबर मध्यावर येईल असंच शिवणाऱ्याने बसवलेलं असतं. ती रेघ, शर्टाची बटणं आणि टाय एका ओळीत आणा. ही रेघ दोन इंच सरकली तर माणूस सरळ उभा असूनही वाकडा दिसतो.

*स्पोरन.* वेस्टकोटच्या किंवा पट्ट्याच्या बक्कलच्या खाली चार बोटं. जास्त खाली लोंबला की चालताना आपटतो, जास्त वर घेतला की पोटावर चिकटवल्यासारखा वाटतो. साखळी मागे निऱ्यांच्या वर, लूपमधून. कातडी साधा स्पोरन दिवसा, केसाळ संध्याकाळी. वेस्टकोट असेल तर रुंद पट्टा लावत नाहीत.

*पिन.* फक्त वरच्या एप्रनला, उजव्या खालच्या कोपऱ्यापाशी. दोन्ही थरांतून आरपार टोचली तर पहिल्याच लांब पावलाला कापड फाटतं. भाड्याच्या दुकानांकडे परत आलेल्या किल्टवर त्याच जागी भोक असतं.

*स्कीअन डू*, म्हणजे मोज्यात खोचायची छोटी सुरी. उजव्या हाताने काम करणाऱ्याची उजव्या मोज्यात, मूठ तेवढी बाहेर. राष्ट्रीय पोशाखाचा भाग म्हणून ती बाळगण्याची सवलत स्कॉटलंडच्या १९९५ च्या कायद्यात आहे. पण पोशाख बदलल्यावर तीच सुरी खिशात घेऊन पबमध्ये गेलात तर त्या सवलतीचा आधार राहत नाही. भाड्याच्या संचात बहुधा प्लास्टिकची, पातं नसलेली मिळते. तीच वापरा, फोटोत फरक कळत नाही. विमानात हातातल्या सामानात खरी सुरी कधीही ठेवू नका.

बायकांसाठी: शिवलेला टार्टन स्कर्ट बऱ्याचदा उलट बाजूने उघडतो, त्यामुळे कड डावीकडे आली म्हणून घाबरू नका. हायलँड (स्कॉटलंडचा डोंगराळ उत्तर भाग) नृत्य करणाऱ्या मुली मात्र किल्टच घालतात. खांद्यावरून घ्यायचं टार्टनचं उपरणंही मिळतं, आणि ते पैठणीवर घेतलेलं मी पाहिलंय. एक चौकडा आणि एक जरीकाठ पुरे, त्यावर आणखी दागिन्यांचा ढीग नको.

फेट्याबद्दल सगळे विचारतात. घाला. स्कॉटलंडमधले शीख पगडी आणि किल्ट सहज एकत्र वापरतात, ‘सिंग’ नावाचं नोंदलेलं टार्टनही आहे. फेटा एकरंगी ठेवा, टार्टनमधलाच एखादा रंग उचलून. कोल्हापुरी मात्र घरी ठेवा. जाड लोकरी मोज्यांवर अंगठा शिरत नाही.

५. आत काय घालायचं

विनोद सगळे ऐकून झालेत, म्हणून सरळ सांगतो. आत गडद, आखूड चड्डी घाला. भाड्याच्या किल्टमध्ये तर घालाच, तो उद्या दुसऱ्या कुणाच्या अंगावर जाणार आहे. स्कॉटिश टार्टन्स ऑथॉरिटीनेही २०१० मध्ये आत काही न घालण्याचा हट्ट पोरकट आणि अस्वच्छ असल्याचं सुनावलं होतं. तुम्हाला बसायचंय, कठड्यावर चढायचंय, वाऱ्यात उभं राहायचंय, आणि समोर कॅमेरा आहे.

आणि फोटोग्राफरांनो, एखाद्याच्या किल्टखालून, त्याच्या परवानगीशिवाय फोटो काढणं हा स्कॉटलंडमध्ये २०१० पासून गुन्हा आहे. पुरुष आहे, हा बचाव चालत नाही. रस्त्यातले पर्यटक किल्ट उचलायला येतात तेव्हा मॉडेलच्या बाजूने तुम्ही बोललं पाहिजे.

६. मॉडेलसाठी: उभं राहणं, बसणं, चालणं

उभं राहताना पाय खांद्याइतके फाकवा, एक पाऊल जरासं पुढे. पाय जुळवून उभं राहिलं की किल्ट घंटेसारखा दिसतो. किल्टला खिसे नसतात, त्यामुळे हातांचं काय करायचं हा प्रश्न पडतो. एक हात पट्ट्यावर, एक सैल. किंवा जॅकेटचं टोक धरा. दोन्ही हात स्पोरनपुढे जोडून उभं राहू नका, त्याचं कारण फोटो पाहिल्यावर कळेल.

बसताना: उजव्या हाताने मागच्या निऱ्या पाठीकडून खाली सारत आणा, त्या सपाट दुमडलेल्या स्थितीत बुडाखाली घ्या, मग टेका. गुडघे थोडे उघडे चालतात, पण मधलं कापड दोन्ही हातांनी मांड्यांच्या मध्ये खाली दाबून वर स्पोरन ठेवायचा. त्याचं वजन कापड जागेवर धरतं. पायावर पाय टाकायचा असेल तर घोट्यापाशी. उठल्यावर लगेच मागून कुणाकडून तरी निऱ्या तपासून घ्या. बसलेल्या शॉटमुळे चुरगळतात, म्हणून बसलेले फोटो नेहमी शेवटी ठेवा.

चालणं हेच किल्टचं खरं काम. सावकाश नको. लांब, ठाम पावलं टाकली की निऱ्या मागे झुलतात. चालत जाऊन झटकन वळा, घेर फिरतो तो क्षण फोटोग्राफरला पकडू द्या.

७. फोटोग्राफर स्वतः किल्टमध्ये असेल तर

स्कॉटिश लग्नात फोटोग्राफरने किल्ट घातला तर पाहुण्यांत मिसळून जाता येतं, हा मोठा फायदा. पण तुमचा पोशाख नवरदेवापेक्षा एक पायरी खाली ठेवा: ट्वीड जॅकेट, साधा कातडी स्पोरन, मंद टार्टन.

अडचण आहे वाकण्याची. आपण दिवसभर उकिडवे बसतो, गुडघे टेकतो, खुर्चीवर चढतो. गुडघा टेकताना आधी पुढचा एप्रन मुठीत धरून मांड्यांमध्ये दाबा, एकच गुडघा टेका, दुसरा पाहुण्यांच्या विरुद्ध दिशेला वळवा. ओल्या दगडावर उघडा गुडघा टेकून दहा मिनिटं काढता येत नाहीत, फोमची छोटी गादी बॅगेत ठेवा. शिडी विसरा. उंचावरून फोटो हवा असेल तर मोनोपॉडवर कॅमेरा चढवा आणि मोबाइलवरून चालवा.

दोन कॅमेऱ्यांचा कातडी पट्टा लावत असाल तर खाली लोंबणारी लेन्स स्पोरनच्या साखळीवर घासते, आणि शपथ घेण्याच्या शांत क्षणी तिची किणकिण अख्ख्या चर्चला ऐकू येते. स्पोरन कमरेच्या बाजूला सरकवा. नाचताना लोक तसंच करतात, त्यात काही गैर नाही. स्पोरनमध्ये दोन बॅटऱ्या आणि मेमरी कार्डांचा पुडका सहज मावतो.

लग्न नसेल आणि दिवसभराचं मैदानी काम असेल, तर खिसेवाले जाड सुती किल्टही असतात. सिॲटलची युटिलिकिल्ट्स ही कंपनी २००० पासून ते बनवते. लेन्सची झाकणं, फिल्टर, पाण्याची बाटली सगळं कमरेला. उन्हाळी महोत्सवात उत्तम. चर्चमधल्या आजींसमोर नको.

८. प्रकाश आणि लेन्स

उजेड बाजूने घ्या. समोरून फ्लॅश मारला की निऱ्यांच्या सावल्या मरतात आणि आठ वार कापड एका सपाट पुठ्ठ्यासारखं दिसतं. खिडकीचा किंवा कलत्या उन्हाचा तिरपा उजेड मागच्या निऱ्यांवर पडू द्या आणि एक फोटो मागूनच काढा. निऱ्या दोन पद्धतीने घालतात: चौकडा मागेही अखंड दिसेल अशा, किंवा प्रत्येक निरीवर एकच उभी रेघ येईल अशा, जी लष्करी पद्धत. दुसऱ्या प्रकारात चालताना मागचा रंगच बदलल्यासारखा वाटतो.

उंची: कॅमेरा मॉडेलच्या कमरेच्या पातळीला. डोळ्याच्या पातळीवरून काढलं की पाय आखूड दिसतात, फार खालून काढलं की किल्टच्या आतलं दिसण्याचा प्रश्न येतो. अगदी रुंद लेन्स जवळून वापरली तर चौकड्याच्या सरळ रेघा वाकतात, त्यापेक्षा ५० किंवा ८५ मिमी घ्या आणि मागे सरका. फिरता घेर गोठवायला शटर १/५०० किंवा त्याहून वेगवान. ट्वीडच्या बारीक विणीवर कधी कधी लाटांसारखे रंगीत पट्टे उमटतात. अंतर थोडं बदललं की जातात.

एडिनबऱ्यात डिसेंबरमध्ये उजेड जेमतेम सात तास, पावणेचारच्या सुमारास सूर्य मावळतो. जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड. वेळ ठरवताना भारतातल्या सवयीने “संध्याकाळी पाच” लिहू नका.

९. जागा, परवानगी, व्हिसा

रस्त्यावर स्वतःसाठी फोटो काढायला परवानगी लागत नाही. धंदेवाईक शूटचं वेगळं. एडिनबऱ्याचा किल्ला आणि आर्थर्स सीट ही टेकडी असलेलं होलीरूड पार्क ‘हिस्टॉरिक एन्व्हायर्नमेंट स्कॉटलंड’कडे आहेत, ग्लेनको आणि कलोडनचं रणांगण ‘नॅशनल ट्रस्ट फॉर स्कॉटलंड’कडे. आधी लिहून विचारा. डीन व्हिलेज आणि सर्कस लेन इथे लोक राहतात आणि फोटोवाल्यांना कंटाळलेत. सकाळी लवकर जा, कुणाच्या दारात बसू नका.

कलोडनबद्दल माझं ठाम मत: तिथे फॅशनचे फोटो काढू नयेत. १६ एप्रिल १७४६ ला तिथे जॅकोबाइट (पदच्युत स्टुअर्ट राजघराण्याच्या बाजूच्या) सैन्याची कत्तल झाली, कुळांची नावं कोरलेले दगड म्हणजे सामुदायिक थडगी आहेत. त्याच वर्षी झालेल्या कायद्याने हायलँड पोशाखावरच बंदी आली, ती १७८२ मध्ये उठली. त्या दगडांना टेकून पोझ देणारे लोक दिसतात, तुम्ही त्यांत नसावं.

आता विद्यार्थ्यांसाठी सर्वात मोठा सापळा. ब्रिटनच्या विद्यार्थी व्हिसावर स्वतंत्र व्यवसाय करता येत नाही. “एका शूटचे शंभर पौंड देतो, बिल पाठव” असं कुणी म्हणालं आणि तुम्ही पाठवलंत, मग मॉडेल असा वा फोटोग्राफर, तर व्हिसाची अट मोडली. आठवड्याच्या तासांची मर्यादा पाळली तरी मोडलीच, कारण ती मर्यादा नोकरीसाठी आहे. पर्यटक व्हिसावर इथे कुणासाठी पैसे घेऊन काम करता येत नाही. शिक्षणानंतरच्या ग्रॅज्युएट व्हिसावर स्वतंत्र व्यवसाय चालतो. फोटोंच्या बदल्यात फुकट पोझ देण्याचा सौदाही ‘काम’ ठरू शकतो, म्हणून विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कक्षाला आधी विचारा. स्वतःचे पदवीचे फोटो पैसे देऊन काढून घ्यायला अर्थातच काही हरकत नाही.

फोटोंचा हक्क १९८८ च्या कायद्यानुसार मुळात फोटोग्राफरचा असतो. कुठे वापरणार, कोण कुठे टाकणार हे दोघांनी एका पानावर लिहून सही करावी, मैत्री असली तरी.

१०. उघडे गुडघे आणि स्कॉटलंड

मे ते सप्टेंबर, विशेषतः पश्चिमेकडे आणि पाण्याकाठी, मिज नावाचे चिलटांहून बारीक चावरे किडे थव्याने येतात. वारा पडला, संध्याकाळ झाली की गुडघे त्यांचेच. औषध आधीच लावा, आणि वारा असलेली जागा निवडा. नेच्याच्या झुडपांत आणि उंच गवतात गोचीड असतात, त्यांच्यामुळे लाइम रोग होऊ शकतो. शूटनंतर पाय, गुडघ्यांच्या मागची बाजू आणि मोज्यांची घडी नीट तपासा, चिकटलेला गोचीड बारीक चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ ओढून काढा.

थंडीत कापडाखाली ऊब असते, हे खरं. गुडघे मात्र गारठतात. दर पंधरा मिनिटांनी ट्रॅक पँट.

११. संगणकावर

फोटो आडवा उलटवू नका. चेहरा त्या बाजूने बरा दिसतो म्हणून मोबाइलवर पटकन ‘फ्लिप’ केलं की झालर डावीकडे जाते, पिन डावीकडे, जॅकेटची बटणं उलट, आणि कुठलाही स्कॉटिश माणूस दोन सेकंदांत सांगतो की काहीतरी चुकलंय. सेल्फी कॅमेरा आपणहून उलटवतो, तिथे सेटिंग बदला.

कंबर बारीक करायची साधनं टार्टनवर वापरू नका. चौकड्याच्या रेघा लगेच वाकतात आणि खोटेपणा उघडा पडतो. डाग पुसायचा ब्रशही जपून, नमुना तुटतो. लाल टार्टनमध्ये लाल रंगाची तीव्रता उतरवा, मग आतले पिवळे-पांढरे धागे परत दिसू लागतील.

कृष्णधवल करणार असाल तर एक गोष्ट लक्षात घ्या: लाल आणि हिरवा बऱ्याचदा एकाच राखाडीत जातात आणि चौकडा विरून जातो. रंगांच्या पट्ट्या वेगवेगळ्या हलवून त्यांना सुटं करा. जुन्या फोटोंत याच्या उलट घोटाळा आहे. हिल आणि ॲडमसन या जोडीने १८४६ मध्ये एडिनबऱ्याच्या किल्ल्यावर गॉर्डन हायलँडर्सच्या सैनिकांचे फोटो काढले, तेव्हाच्या कागदाला लाल दिसतच नसे, तो काळा यायचा, आणि निळा फिकट. म्हणून जुना फोटो दाखवून “हेच टार्टन हवं” असं दुकानात सांगू नका.

आणि रिटचिंगची लाज वाटत असेल, तर चौथ्या जॉर्ज राजाकडे बघा. १८२२ मध्ये तो एडिनबऱ्याला आला तेव्हा किल्ट फारच आखूड होता आणि खाली गुलाबी घट्ट विजार. डेव्हिड विल्कीने नंतर रंगवलेल्या चित्रात ती विजार गायब आहे आणि गुडघे उघडे.

१२. परत करण्याआधी

ओला किल्ट पिशवीत कोंबू नका. रुंद चिमट्यांच्या हँगरवर कमरेपाशी धरून टांगा, निऱ्या हाताने जुळवा, खोलीच्या उबेत वाळू द्या. हीटरवर नको, लोकर आवळते. चिखल वाळल्यावर ब्रशने झाडा, ओला असताना चोळला तर आत शिरतो. भाड्याचा किल्ट स्वतः धुऊ नका, ते दुकानाचं काम. दूरच्या प्रवासाला न्यायचा असेल तर निऱ्या जुळवून कमरेपासून आडवा गुंडाळा आणि जुन्या लांब नायलॉनच्या मोज्यात ती गुंडाळी सरकवा, दुसऱ्या दिवशी इस्त्रीची गरज पडत नाही.

दुकानात देताना यादी समोर ठेवून मोजा. दोन्ही फ्लॅश, पिन, साखळी आणि बनावट सुरी याच गोष्टी हरवतात आणि अनामत रकमेतून कापल्या जातात. स्पोरनच्या आत हात घालून बघा. मेमरी कार्ड हमखास तिथेच राहतं.